दाजीपूरच्या वनमजूर मामांना, पाला राखल्याबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत. त्यात तुमचं नाव नाही, कारण नाव पुढे आलेलं तुम्हाला खपत नाही. पण राधानगरीहून दाजीपूरकडे पावसाळ्यात बॅटऱ्या घेऊन बेडूक मोजायला येणारे आणि भुदरगडच्या बाजूला सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्या ठेवणारे, दोघंही तुम्हाला ओळखतात. आमच्यातले पेटीवाले बेडकाकडे बघत नव्हते आणि बेडूकवाले पेटीकडे. तुम्ही ही दोन कामं एकत्र आणलीत, तीही एका वाटीवरून.

सातेरीच्या पेटीखालच्या तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात, मुंग्या चढू नयेत म्हणून. उन्हाळ्यात पाणी दोन दिवसांत आटतं, म्हणून कित्येक ठिकाणी त्यात गाडीचं जळकं ऑइल ओततात. पहिल्या वळवात वाटी भरून वाहते आणि ते ऑइल खालच्या पाल्यात उतरतं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो. श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो. ऑइलचा तवंग लागलेल्या पाल्यात बसणं त्याला किती महागात पडतं, ते तुम्ही आम्हाला तिवईखालची जागा उकरून दाखवलंत. तुमची पद्धत आता सगळ्यांनी उचलावी: रुंद तोंडाची वाटी, साधं पाणी, पडलेल्या माशीला चढून बाहेर यायला आत दोन-चार काटक्या, आणि पायाला वाटीच्या वर बांधलेली पत्र्याची छोटी छत्री. छत्रीमुळे पाणी कमी आटतं आणि पाऊस थेट आत पडत नाही. आठवड्यातून एकदा पाणी बदललं की डासांच्या अळ्याही होत नाहीत. तिवईला टेकलेलं गवत मात्र कापायलाच हवं. एक काडी टेकली तरी मुंग्यांना पूल मिळतो, आणि मग दोष पाण्याला दिला जातो.

दुसरं ऋण भेकाचं. अंगावर फोड असलेला हा मोठा बेडूक संध्याकाळी पेटीच्या दाराखाली येऊन बसतो आणि पंखानं वारा घालणाऱ्या माश्या टिपतो, हे खरं आहे. त्यासाठी त्याला काठीनं मारतात, हेही खरं. तुम्ही काठी हातातून काढून घेतलीत आणि तिवई उंच करायला लावलीत. दार जमिनीपासून दीड-दोन फुटांवर गेलं की भेकाची जीभ तिथवर पोचत नाही. मग तो खाली पडलेले किडे आणि मुंग्या खातो, म्हणजे पेटीवाल्याचंच काम करतो.

आता पाल्याबद्दल. मुख्य आभार त्याचेच आहेत.

राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. तरी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचा मोकळा पट्टा, साफ करायला शेवटी खराटा आणि कोयता घेतलेली माणसंच लागतात. सह्याद्रीतला वणवा बहुतेक वेळा जमिनीवरून सरपटत जातो. झाडं उभी राहतात, पुढच्या पावसात हिरवी होतात, म्हणून फार नुकसान झालं नाही असं बघणाऱ्याला वाटतं. पण झुडपी बेडकांच्या बऱ्याच जाती पाण्यात अंडी घालतच नाहीत. पानावर किंवा ओलसर जागेत घालतात, आणि अंड्यातून टॅडपोल न येता थेट इवलंसं पिल्लू बाहेर पडतं. त्या पिल्लाचं तळं म्हणजे पाला. तोच पाला जळताना जुन्या झाडाच्या बुंध्याला आग लागते, ढोलीतलं वाळलेलं लाकूड धुमसत राहतं आणि आतली सातेरीची वसाहत संपते. पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजणाऱ्यांशी तुम्ही कधी भांडला नाहीत. सकाळी वारा पडलेला असताना भाजा, वाफ्याभोवती चार हात जमीन मोकळी ठेवा, हिरवी डहाळी आणि पाण्याची घागर हाताशी ठेवा, एवढंच सांगत राहिलात. लोकांनी ऐकलं, कारण तुम्ही स्वतः डहाळी घेऊन उभे राहायचात.

ढोलीतली वसाहत पेटीत भरायची घाई तुम्ही दोनदा थांबवलीत, त्याबद्दल वेगळे आभार. ढोलीच्या तोंडाशी मेलेल्या अळ्या पडलेल्या असतील तर आधी एक अळी चिमट्यानं उचलून बघायची. पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी लोंबत असेल आणि फारसा वास नसेल, तर थाई सॅकब्रूडचा संशय घ्यायचा. हा विषाणू आहे, त्यावर औषध नाही. अशी वसाहत पेट्यांत आणली की पोळ्याच्या चौकटींच्या अदलाबदलीतून रोग शेजारच्या पेट्यांत जातो. आंबट, कुजका वास आला तर तो दुसरा, जिवाणूंचा आजार. दोन्हींत चौकटी इकडच्या तिकडे करायच्या नाहीत, आणि हात व चौकटी उचकायची पटाशी धुतल्याशिवाय पुढची पेटी उघडायची नाही.

माश्या कमी होण्याचं कारण एकच नाही. आग्या माशीचं पोळं मध आणि पिलावा (अंडी-अळ्यांचा भाग) न बघता अख्खं कापणं, फुलावर दुपारी फवारणी करणं, आणि खाली उसाचं रान पसरणं. ऊस माशीला फूल देत नाही. तोडणी होईपर्यंत सगळा हिरवा पट्टा तिला उपाशीच. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत चारा शोधते, म्हणून बांधावरचं एक जांभूळ तिला फार मोलाचं.

रात्रीच्या नोंदींतल्या तुमच्या शिस्तीचं मोल सांगायलाच हवं. वन खात्याची परवानगी हातात असली, तरी मच्छर पळवायचं मलम लावलेला हात बेडकाला लावू दिला नाहीत. एका ओढ्यातून दुसऱ्यात जाताना बुटांचा चिखल ब्रशनं काढायला लावलात आणि बूट पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाहीत, कारण बेडकांना आजारी पाडणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून प्रवास करते. पाच बाय पाच मीटरच्या चौकोनात चौघांनी चार कोपऱ्यांतून आत यायचं, आणि उचललेला दगड जसा होता तसा ठेवून मग जीव त्याच्या कडेला सोडायचा, हेही तुमचंच. दगड नंतर ठेवला तर तो जिवावर पडतो.

आणि देवगांडूळ, बेडकाचाच बिनपायी भाऊबंद. गांडूळ समजून ते टाकून देतात किंवा साप समजून ठेचतात. तुम्ही ते ओल्या तळहातावर घेऊन त्याचा जबडा आणि कातडीखालचे बारीक डोळे दाखवलेत. गांडुळाला दोन्ही नसतात. वाडीतल्या पोरांना आता ते ओळखता येतं.

मृग लागायच्या आत सगळ्या तिवयांच्या वाट्या धुऊन ऑइल बाटलीत भरून खाली आणतो आहोत, आणि ओलावा साचू नये म्हणून पेट्या दाराच्या बाजूला किंचित कललेल्या ठेवतो आहोत. एकदा येऊन उंची बघून जा, मामा. दोन तिवया अजून आखूड आहेत.

तुमचे,
पेटीवाले आणि बेडूकवाले,
कोल्हापूर