मा. पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र : समुद्राचे जिवाणू पिंपांतून येत नसतात

मा. पर्यावरणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

काल आपल्या खात्याचं पत्र आलं. 'किनाऱ्यावरील जैवोपचार पूर्ण झाला असून आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' जैवोपचार म्हणजे जिवाणूंकडून तेलाची सफाई. बाकी कागद कोरा. पत्र उघडलं तेव्हा माझ्या नखांत डांबर होतं. सकाळभर वडिलांचं जाळं रॉकेलने पुसत बसले होते.

चार महिन्यांपूर्वी तेलाचा तवंग किनाऱ्याला लागला तेव्हा आपण स्वतः आलात, त्याबद्दल आभारी आहे. तेल खाणारे जिवाणू आणू, पंधरा दिवसांत वाळू पूर्वीसारखी करू, असं आपण सगळ्यांसमोर सांगितलंत. माझ्या वडिलांनी टाळ्या वाजवल्या. पिंपं आली ती सहा आठवड्यांनी. तपकिरी भुकटी पाण्यात कालवून दोन तास फवारली, फोटो काढले, आणि त्याच रात्रीच्या भरतीने ती धुऊन नेली. पंधरा दिवसांचे चार महिने झाले.

मी मच्छीमाराची मुलगी आहे आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर आहे. म्हणून हे मला दुप्पट लागलं. ज्या जिवांवर माझा जीव आहे, त्यांचं नाव घेऊन आम्हाला फसवलं गेलं.

महोदय, समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. चमचाभर पाण्यात पन्नास लाख. तेल खाणारेही त्यांत आधीपासून आहेत, कारण समुद्रतळाच्या भेगांतून तेल लाखो वर्षं झिरपत आलं आहे. अल्कानिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस नावाचा एक जिवाणू 1998 साली शास्त्रज्ञांनी नोंदवला. तेलातल्या हायड्रोकार्बनच्या साखळ्या हेच त्याचं मुख्य अन्न. स्वच्छ पाण्यात तो नावापुरता सापडतो, पण तेल सांडलं की बघता बघता फोफावतो. 2010 साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरिझॉन या खोदाई-मंचाखालची तेलविहीर 87 दिवस तेल ओकत होती, तेव्हा खोल पाण्यातल्या तेलावर तिथलेच जिवाणू वाढले. ते कुणी नेऊन सोडले नव्हते.

मग आमच्या वाळूतले जिवाणू का हरले? कारण तेलात कार्बन भरपूर, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाहीच. नुसत्या भातावर पोर वाढेल का? 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं तेव्हा किनाऱ्यांवर खत टाकलं गेलं, आणि तिथल्याच जिवाणूंनी तेल जास्त वेगाने खाल्लं. आपल्या खात्यात हे कुणी वाचलेलं नाही?

दुसरी गोष्ट प्राणवायूची. पिंपं येण्याआधी तुमच्या ठेकेदाराने यंत्रं लावून काळी वाळू खाली आणि पांढरी वाळू वर केली. वरून दिसायला छान. पण हातभर खाली, जिथे हवा पोचत नाही, तिथे तेल फारसं कुजतही नाही. अलास्कात दगडगोट्यांखाली अडकलेलं तेल दशकांनंतरही ओलं सापडलं. आमच्या किनाऱ्यात तुम्ही तेच पुरून ठेवलंत. शिवाय जिवाणू हलका भाग आधी खातात, चिकट डांबर मागे राहतं. ते सुरुवातीलाच, ताजं असताना, हातांनी उचलायला हवं होतं. सहा आठवडे उन्हात पडलेल्या डांबरावर भुकटी मारून काय होणार होतं?

आम्ही उचलत होतो, महोदय. मी, माझी आई, शेजारच्या बायका. हातमोजे मागितले तर 'मागणी पाठवली आहे' असं उत्तर मिळालं. माझ्या दोन्ही तळव्यांची साल गेली. आईला अजून रात्री खोकल्याने झोप नाही. मासळीला तेलाचा वास येतो म्हणून कुणी घेत नाही. पंचनाम्यात आमची जाळी 'अंशतः खराब' लागली आणि भरपाई शून्य. भाऊ होडी सोडून गोदामात हमालीला गेला. पन्नास वर्षं समुद्रात गेलेले वडील दिवसभर दारात बसतात आणि मला विचारतात, 'तुझे ते किडे कधी कामाला लागणार?' मी काय सांगू त्यांना?

आणि हे एका तवंगापुरतं नाही. ज्या नाल्याचं सांडपाणी शुद्ध न करता समुद्रात जातं, त्याबद्दल मी तीन अर्ज केले. त्या घाणीवर शेवाळ माजतं, ते मरतं, आणि कुजवताना समुद्रातलेच जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे गुदमरतात. 2008 साली जगभर अशी चारशेहून अधिक मृत क्षेत्रं मोजली गेली होती. जिवाणू समुद्राचेच. आपण त्यांना काय खायला घालतो, एवढाच फरक. पण आपल्या सगळ्या व्यवस्थेला पिंपं मोजता येतात, वाळूत तेल किती उरलं ते मोजता येत नाही. पिंपांचं बिल निघतं, वाळूच्या तपासणीचं निघत नाही, म्हणून वाळू तपासली जात नाही. धरणं, नद्या, जंगलं, सगळीकडे हेच चाललं आहे. काम झालं का, असं विचारणारा माणूस नस्तीत कुठेच नसतो.

प्रोक्लोरोकॉकस नावाचा समुद्री जिवाणू 1980 च्या दशकापर्यंत माणसाला माहीतही नव्हता. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. पृथ्वीवरचं निम्म्याच्या आसपास प्रकाशसंश्लेषण समुद्रात होतं, आणि त्यात त्याचा मोठा वाटा आहे. ही पोथी मी आपल्यासमोर का उघडते आहे? कारण आपण ज्याला भुकटी समजता, त्याच्या जिवावर आपण दोघंही श्वास घेतो.

माझा अर्ज पुन्हा उघडा. पुरलेली वाळू वर काढून चाळा, डांबर उचलणाऱ्यांना मजुरी आणि हातमोजे द्या. वाळूतला नायट्रोजन, फॉस्फरस मोजून, लागेल तेवढंच खत टाका. दर महिन्याला तेलाचं प्रमाण तपासून आकडे किनाऱ्यावरच्या फलकावर लावा. नाल्याचं पाणी शुद्ध करूनच सोडा.

येत्या अमावास्येला ओहोटी दूरवर जाईल. त्या दिवशी सकाळी या. आपण पाहणी केलीत त्याच जागी मी फावडं घेऊन उभी असेन. एक हात खणू.

आपली,
एका मच्छीमाराची मुलगी