संज्यास पत्र: आबांची जावा सुरू झाली

कोल्हापूर,
20 जुलै

प्रिय संज्या,

तुझ्या आबांची जावा मोटारसायकल सुरू झाली. व्हिडिओ पाठवला असता तर तू म्युनिकच्या ट्रेनमध्ये बसून एक अंगठा दाखवला असतास आणि विषय संपला असता. म्हणून मुद्दाम कागदावर लिहितोय. शिवाय तुझ्याकडे दोन-तीन कामं आहेत, ती फोनवर सांगितली की तू "हो हो" म्हणतोस आणि विसरतोस.

दिवाळीत मुरगूडच्या गोठ्यात तू मला म्हणालास, "ने बाबा, नाहीतर भंगारवाला अडीच हजार द्यायला तयार आहे." मागचं चाक मातीत रुतलेलं, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, टाकीवर कोंबडी. टेम्पोत चढवताना चाक फिरेना म्हणून चौघांनी उचलली. घरी आणली तेव्हा सुमननं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि भिशीचे पैसे कधी येणार ते विचारलं. मी खरं सांगून टाकलं. चाळीस हजारांची भिशी, त्याच्या पुढं एक रुपया नाही, असा आमचा करार झाला.

आणि पहिल्याच महिन्यात मी गाढवपणा केला. हँडल, दोन्ही रिमा, दोन्ही सायलेन्सर, सगळं क्रोमला टाकलं. नऊ हजार गेले. घरी आणून लायटीखाली मांडलं, लहान पोरासारखा बघत बसलो. मग इंजिन उद्यमनगरात मामांच्या गॅरेजात नेलं. मामा सत्तरी पार केलेले, जावा-येझदी सोडून दुसऱ्या गाडीला हात लावत नाहीत. प्लगच्या भोकातून त्यांनी डिझेल ओतलं आणि आठ दिवस काही बोललेच नाहीत. नवव्या दिवशी पिस्टन सुटला. हेड आणि सिलिंडर काढून त्यांनी कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरला, वर-खाली हलवला. टक टक. "क्रँक गेलाय. क्रोमला किती घातलासा?" मी सांगितलं. "म्हंजे वरून कीर्तन, आतून तमाशा," म्हणाले आणि चहा सांगितला.

तुला लेका यातलं काही ठाऊक नाही. तू फक्त मागे बसायचास. म्हणून सांगतो. क्रँक म्हणजे पिस्टनचं वर-खाली होणं गोल फिरण्यात बदलणारा दांडा. टू-स्ट्रोकच्या क्रँकची दोन चाकं आणि मधली पिन एकमेकांत दाबून बसवलेली असतात. बेअरिंग बदलायचं तर प्रेसवर पिन काढायची, नवी दाबायची आणि मग सगळं एका रेषेत आणायचं. मामांनी क्रँक दोन सेंटरांमध्ये धरला, डायल गेज लावलं आणि हातानं फिरवला. काटा वीस पॉइंट इकडं, वीस तिकडं नाचत होता. तांब्याच्या हातोडीनं एक ठोका, परत फिरवणं, बघणं, परत एक ठोका. ठोका कुठं द्यायचा ते काटा सांगतो, किती जोरात द्यायचा ते कोणी सांगत नाही. पाऊण तासानं काटा दोन-तीन पॉइंटांवर येऊन थांबला. मी मोबाइल काढला तर म्हणाले, "ठेवा की ते. असं बघून येत न्हाई." ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला, तिथली ही माणसं. सगळ्याचे मिळून सात हजार घेतले. मी कमी करा म्हटलं नाही.

सिलिंडर घासलेला होताच. कंपनीचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, 65 मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 75, म्हणून ती 248.5 सीसी. पण आबांच्या पिस्टनच्या डोक्यावर 65.50 कोरलेलं निघालं. म्हणजे आबांनी एकदा भोक मोठं करून, बोअर करून घेतला होता आणि आपल्याला कधी बोलले नव्हते. आता 65.75 वर आहे. लेथवाला म्हणाला, अजून एकदा जमेल, मग आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह.

तुला आठवतं, किक आणि गिअरचा दांडा एकच? तो आत दाबायचा, वर उचलून उभा करायचा, मग किक मारायची. मामांकडे नवीन लागलेली दोन पोरं दहा मिनिटं किक शोधत होती. मी मुद्दाम सांगितलं नाही. आणि पाय टाकला की क्लच आपोआप सुटतो हे कळल्यावर त्यातला एक म्हणाला, "सर, ही तर ऑटोमॅटिक!" 2018 ला नवी जावा आली तेव्हा मीही शोरूमला बघायला गेलो होतो. दिसायला सख्खी बहीण, पण ती फोर-स्ट्रोक आणि पाण्यानं थंड होणारी. या म्हातारीला तिचा एक बोल्टसुद्धा चालत नाही.

आता फजितीचं. नवीन बोअर, नवीन रिंगा. मामांनी बजावलं होतं, पहिले हजार किलोमीटर लिटरला पन्नास मिली ऑइल आणि कुठं ताणायची नाही. मी चौथ्याच दिवशी ज्योतिबाला निघालो. म्हटलं, देवाच्या पायावर घालू. चढावर तिसऱ्या गिअरला आवाज बदलला. कसं सांगू, जसं कोणी गाणं म्हणता म्हणता घसा दाबून धरतं. मी मूर्खासारखा एक्सलेटर अजून पिळला आणि मागचं चाक जागेवर जाम. क्लच दाबला म्हणून वाचलो, नाहीतर मागून एसटी होती. कडेला बसून अर्धा तास इंजिन गार होऊ दिलं. एक बाई नारळाची टोपली घेऊन चालल्या होत्या. "बंद पडली व्हय? चालत जायाचं असतंय ज्योतिबाला," म्हणाल्या. नंतर मामांनी पिस्टन काढून दाखवला, बाजूला चार उभे ओरखडे. पॉलिश पेपरनं हळूहळू घासला, रिंगा परत नव्या. बाराशे रुपये आणि तासभर बोलणी.

टायमिंगही, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, मामांनी जुन्या पद्धतीनं केलं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा, क्रँक हळूहळू फिरवायचा, कागद ज्या क्षणी सुटेल तिथं ठिणगी. पिस्टन किती खाली आहे ते प्लगच्या भोकातून व्हर्नियरनं. मामा सिगारेट ओढत नाहीत, कागदासाठी पाकीट विकत आणतात आणि सिगारेटी पोरांना वाटतात. ही पद्धत मला पसंत नाही, पण टायमिंग बरोबर लागलं.

टाकी मी घरीच केली. पाच लिटर व्हिनेगर, त्यात सायकलची जुनी चेन, दोन दिवस येता-जाता हलवायची. सगळ्या घराला लोणच्याचा वास. आतून चहाच्या काढ्यासारखं पाणी निघालं. मग खायच्या सोड्यानं धुतली, हेअर ड्रायरनं वाळवली आणि लगेच ऑइल मिसळलेलं पेट्रोल फिरवलं, नाहीतर तासाभरात परत तांबूस होते. ड्रायर सुमनचा. तो आता नवीन घ्यावा लागेल, हा खर्च भिशीच्या बाहेरचा.

वायरिंगवरून मामांचं आणि माझं वाजलं. ते म्हणत होते, बारा व्होल्टची करा, हल्ली सगळे करतात. माझं म्हणणं, सहा व्होल्टचा डायनॅमो चांगला चालतोय, त्याला का छेडायचं? शेवटी डायनॅमोचा जुना कटआउट काढून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला, सगळ्या वायरी नव्या ओढल्या, आणि प्रत्येक अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघडं लोखंड केलं. निम्मा दोष तिथंच होता. मागं एलईडी. पुढचा दिवा अजून कंदिलासारखाच आहे. रात्री गावाबाहेर काढत नाही.

सीट मात्र बघशील तर खुळा होशील. बाजारातलं रेक्झिन नको होतं. कोल्हापुरी चपला करणारे एक काका ओळखीचे, त्यांना सांगाडा नेऊन दिला. त्यांनी बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं लावलं आणि कडेनं चपलेवर घालतात तशी वेणी घातली, सुताच्या दोऱ्यानं, हातानं. बावीसशे रुपये. म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं पायात घालायचं केलं, बुडाखाली पहिल्यांदाच." पावसात प्लॅस्टिकची पिशवी बांधावी लागते आणि आठवड्याला तेल पाजावं लागतं. चप्पलसुद्धा पहिल्या पावसाळ्यात भिजवत नाहीत, तर सीटचं काय घेऊन बसलास.

रंग मरूनच ठेवला. काळी मॅट करून घे म्हणणारे चार मित्र निघाले, त्यांच्या घरी मी जात नाही आता.

किती झाले विचारशील. एक्केचाळीस हजार सातशे. करार मोडला, पण सतराशेनंच. म्हैसूरची कंपनी 1961 ला सुरू झाली आणि 1996 ला बंद पडली, तरी माल मिळतो. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार गेलो, तिथं सायलेन्सरच्या आतल्या बफलच्या नळ्यांची जोडी मिळाली, अगदी कोरी. आबांच्या नळ्या कार्बननं अशा भरल्या होत्या की शेणीच्या जाळात घालूनही मोकळ्या होईनात. गोणीत टाकून दिल्या.

आता कामाचं. गाडी अजून आबांच्याच नावावर आहे. आरटीओत मालक वारल्यावर वारसाला फॉर्म 31 भरावा लागतो. मृत्यूचा दाखला आणि बाकी कागद माझ्याकडे तयार आहेत, ताईची संमती लागेल, तिला तू फोन कर, मी केला तर ती आधी अर्धा तास रडेल. तू म्हणाला होतास, "तुझ्याच नावावर करून घे." नको. वारसाच्या, म्हणजे तुझ्या नावावर होऊ दे, पेट्रोल मी घालतो. एकानं सल्ला दिला की 69 ची आहे, पन्नास वर्षं उलटली, व्हिंटेजमध्ये घाला. 2021 च्या नियमात ती सोय आहे. पण नव्या नोंदणीची फी 20,000, गाडी रोजच्या वापराला काढायची नाही आणि चेसिस-बॉडी-इंजिन मूळचंच पाहिजे. वीस हजार भरून गाडी झाकून ठेवायची तर गोठा काय वाईट होता? साधं नूतनीकरण आणि जुन्या गाडीचा पर्यावरण कर भरून टाकू.

दुसरं, तुझ्यापासून चेकची हद्द काही लांब नाही. जावाचा माल तिथं अजून बनतो. जिकोव्ह कार्बोरेटरची स्लाइड, म्हणजे हवा कमी-जास्त करणारा आतला सरकता तुकडा, घासली आहे, गाडी उभी असताना एकसारखी वाजत नाही. 353 मॉडेल म्हणून सांग. गणपतीला येताना खिशातून येईल एवढीच वस्तू आहे.

आणि तिसरं. मागच्या रविवारी मुरगूडला गेलो होतो. न सांगता गेलो, गल्लीच्या तोंडाशी गिअर टाकला. काकू दारात तांदूळ निवडत होत्या. ताट बाजूला ठेवून उठल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवरून हात फिरवला. मला वाटलं आता डोळे पुसतील. तर म्हणाल्या, "छान केलास रे. पण आवाज ह्यांच्या गाडीचा न्हाई. ह्यांचा डावा सायलेन्सर जास्त वाजायचा. चौकात आले की मला कळायचं, मी भाकरी तव्यावर टाकायची."

मी म्हटलं, काकू, दोन्ही सारखेच असतात. त्या काही बोलल्या नाहीत, परत तांदूळ निवडायला बसल्या.

रात्री घरी येऊन गोणी उपसली. त्या दोन जुन्या नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. डावी चार बोटं आखूड आहे, संज्या. टोकाला करवतीचा कट आहे, जरा तिरका, वरून कानस मारलेली. म्हणजे मी कोरी जोडी बसवून जे मूळचं म्हणून केलं, ते आबांनी कधीच बदलून टाकलं होतं. कशासाठी कापली असेल? ओढ वाढावी म्हणून म्हणावं तर एकीनं काय होणार? का नुसता आवाजासाठी? तुला कधी बोलले होते का?

करवत काढून ठेवली आहे. नवी नळी साडेसहाशेची आहे आणि वारस तू आहेस. कापू का?

तुझाच,
बाळ्या

ता. क. सुमननं विचारलंय, जर्मनीत हेअर ड्रायर स्वस्त मिळतात का.