बोअरच्या खड्ड्यासाठी राबलेल्यांचे आभार

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याच भागातलं आपलं गाव. घरचं, नातवंडांचं सांभाळून दर रविवारी बोअर पुनर्भरणाला, म्हणजे पावसाचं पाणी गाळून बोअरमध्ये मुरवायच्या कामाला, उभे राहिलेले निवृत्त इंजिनिअर काका आणि नाव न सांगता टिकाव घेऊन आलेले सगळे, तुमचे मनापासून आभार.

केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या पाइपाभोवती, दोन मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, केसिंगला बारीक छिद्रं, त्यावर नायलॉन जाळीचे वेढे. तळाला मोठे दगड, मग खडी, वर वाळू. सोपं वाटतं. पण काळ्या मातीचा गाळ वाळूवर बसला की पाणी मुरणं थांबतं, म्हणून आधी गाळाचा वेगळा खड्डा काकांनी हट्टानं करायला लावला. बरं झालं!

वाळूचा वरचा थर दर उन्हाळ्यात धुवायचाय. दोन फावडी देवळात ठेवलीत, ज्यांची असतील त्यांनी न्यावीत.