गळलेली फुले नऊपर्यंत राहू द्यावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या कार्तिकात एका रविवारी सकाळी नातीला घेऊन मी घराजवळच्या उद्यानात बुचाची फुले वेचायला गेले, तेव्हा रात्रभर पडलेला सडा झाडून पोत्यांत भरून झाला होता, आणि त्यातली ओंजळभर फुले मागितली असता ‘बागेतली वस्तू नेता येत नाही’ असे उत्तर मिळाले. फूल तोडायला मनाई हवीच. पण जे झाडानेच टाकले आणि तासाभरात कचऱ्याच्या गाडीत जाणार, त्यावर बंदी कशासाठी?

आमच्या चाळीतील पाच-सहा कुटुंबे ऋतूप्रमाणे बागेत बसून काहीबाही करतात. बुचाचे लांब देठ एकमेकांत गुंफले की सुई-दोऱ्याविना वेणी होते. ती मला आईने शिकवली. फाल्गुनात काटेसावरीची फुले अख्खीच्या अख्खी खाली येतात, त्यांच्या तळाचा जाड पेला रंगात बुडवून ठसे उमटवता येतात. श्रावणात पिंपळपानाची शिरांची बाजू वर ठेवून त्यावर पातळ कागद धरायचा आणि मेणखडू आडवा घासायचा. पान ओले असले तर कागद फाटतो, म्हणून ते आधी रुमालाने टिपावे लागते, हे सहा वर्षांच्या नातीला स्वतःहून कळले. ताम्हण हे आपले राज्यफूल असल्याचे पुस्तकात वाचलेल्या मुलांना त्या पाकळीची सुरकुतलेली कड वैशाखात रांगोळी घालतानाच पहिल्यांदा दिसली.

राणीच्या बागेत तर याला केवढा वाव आहे! १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेत गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी असे वृक्ष आहेत आणि शेजारीच, १८७२ पासूनचे, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तरीही बरीच कुटुंबे पेंग्विन पाहून परततात (पेंग्विनांशी माझे वैर नाही).

माझी सूचना खर्चाची नाही. शहरातील उद्यानांत रविवारी बहरातल्या एक-दोन झाडांखालची जागा नऊपर्यंत झाडू नये, तेथे सतरंजी टाकून बसू द्यावे आणि खाली पडलेले पान-फूल उचलण्यास हरकत नाही, एवढी एक ओळ नियमांच्या फलकावर लिहावी. उरलेली फुले त्याच झाडाच्या आळ्यात टाकण्याचे काम पालकांचे. आम्ही ते आजवर करतच आलो आहोत.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई