डोळ्यांची तारीख आहे, हालचालींची का नाही?

प्रति,
माननीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर.

स. न. वि. वि.

हे पत्र गुजरातीतून आपल्या कार्यालयाकडे पाठवलेच आहे. मराठीत लिहिले आहे ते बडोद्यातल्या मराठी घरांनीही वाचावे म्हणून, कारण ज्या चुकीविषयी मी लिहीत आहे तिच्यातला अर्धा वाटा आमच्या घरांचा आहे.

माझा मुलगा गरोदरपणाच्या 29व्या आठवड्यात जन्मला. वजन 1,120 ग्रॅम. आमच्याकडच्या भाषेत सातमाशी. तो 44 दिवस काचेच्या पेटीत होता, आणि ज्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी त्याला तिथून जिवंत बाहेर काढले त्यांचे ऋण माझ्या हातून फिटणारे नाही. घरी सोडताना त्यांनी जाडजूड फाईल दिली. तिच्यात डोळ्यांच्या पडद्याच्या पुढच्या तपासणीची तारीख लाल शाईने लिहिली होती, लसींच्या तारखा होत्या, लोहाच्या थेंबांचे प्रमाण होते. मेंदूच्या सोनोग्राफीत उजव्या बाजूला रक्तस्राव दिसल्याची नोंदही त्याच फाईलमध्ये होती. मात्र हे बाळ हातपाय कसे हलवते ते कोणी, केव्हा पाहायचे, याविषयी एक ओळसुद्धा नव्हती.

पुढे जे लक्षात आले ते माझ्या सासूबाईंच्या. बारसे लांबले होते. मूल सहा महिन्यांचे होत आले असताना त्या त्याला काळ्या मण्यांच्या मनगट्या घालत होत्या. उजव्या हातात मनगटी सहज गेली. डावी मूठ काही केल्या उघडेना. अंगठा आत दुमडलेला, बोटे त्याच्यावर घट्ट. मी रोज आंघोळीच्या वेळी त्या मुठीत साचलेला मळ ओल्या कापसाने काढत होते आणि तरीही मला प्रश्न पडला नव्हता. लसीच्या वेळी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की कमी दिवसांचे मूल आहे, थोडे मागे राहणारच. घरातही तेच. नवव्या महिन्यात तो सगळे उजव्या हातानेच धरू लागला, तर आम्ही त्याचे कौतुक केले. वर्षाच्या आत मूल एकाच हाताने काम करू लागले तर ती धोक्याची खूण असते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत राहणाऱ्या दोषाचे, निदान झाले तेव्हा तो 15 महिन्यांचा होता.

महोदय, आईच्या पोटातले शेवटचे तीन महिने हा मेंदूतल्या जोडण्या होण्याचा काळ आहे. मेंदूच्या आतल्या केंद्रांकडून निघालेले तंतू वरच्या थराखाली येऊन थांबलेले असतात आणि साधारण 24व्या आठवड्यापासून टप्प्याटप्प्याने त्या थरात शिरून आपापली जागा घेतात. या तंतूंवर पुढे मायलिनचे, म्हणजे संदेश वेगाने जाऊ देणारे, वेष्टण चढवणाऱ्या पेशी या काळात कच्च्या असतात, आणि प्राणवायू कमी पडणे किंवा जंतुसंसर्ग होणे त्यांना सोसत नाही. पायांकडे जाणारे तंतू मेंदूतल्या पोकळ्यांना सर्वांत लगटून जातात, म्हणून पोकळ्यांभोवती इजा झालेल्या मुलांचे पाय ताठ होतात आणि ती चवड्यांवर चालू लागतात. रक्तस्राव एका बाजूला पसरला तर विरुद्ध बाजूचा हात आणि पाय दुबळा राहू शकतो. माझ्या मुलाचे तसे झाले.

हे सर्व जन्मापूर्वी आणि जन्माच्या सुमारास घडून जात असेल तर घाई कशाची, असे कोणी विचारील. घाईचे कारण पुढच्या दोन वर्षांत आहे. जन्माच्या सुमारास मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागाकडून शरीराच्या दोन्ही बाजूंकडे तंतू गेलेले असतात. पुढे त्यांच्यात चढाओढ लागते. ज्या वाटेने संदेश जात राहतात ती वाट पक्की होते, जिचा वापर होत नाही ती आक्रसत जाते. इजा झालेल्या बाजूला शाबूत राहिलेले तंतूदेखील, त्यांना काम न मिळाल्यामुळे, या चढाओढीत मागे पडतात. दुबळ्या हाताला खुळखुळा धरायला लावणे आणि दोन्ही हात एकत्र वापरायला शिकवणे हे या काळात करायचे काम आहे. त्याने जखम पुसली जाते असे मी म्हणत नाही. पण आमच्या हातून तो काळ नुसता वाट पाहण्यात गेला.

ही इजा लवकर ओळखता येते, आणि तीही प्रत्येक बाळाचा महागडा एमआरआय न काढता. हाइन्झ प्रेख्टल या वैद्याने बाळांच्या उत्स्फूर्त हालचालींचे निरीक्षण करून एक पद्धत घालून दिली. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेनंतर 9 ते 20 आठवड्यांत निरोगी बाळ जागे आणि शांत असताना त्याची मान, धड, हात, पाय यांत एक बारीक, गोलसर चुळबुळ अखंड चाललेली असते. ही चुळबुळ नसेल तर पुढे सेरेब्रल पाल्सी होण्याची शक्यता फार मोठी असते. बाळाला उताणे ठेवायचे, खेळणे द्यायचे नाही, बोलायचे नाही, आणि तीन ते पाच मिनिटांचे चित्रण करायचे. शिकलेल्या डोळ्यांनी ते पाहिले की पुरते. शारीरिक तपासणी आणि फाईलमधल्या सोनोग्राफीची जोड दिली तर अपेक्षित तारखेपासून सहा महिन्यांच्या आत निदान होऊ शकते.

आता आपल्या योजनांकडे पाहा. आशाबेन नवजात बाळाच्या घरी 42व्या दिवसापर्यंत येतात आणि त्यानंतर 3, 6, 9, 12 व 15 महिन्यांनी भेटी आखलेल्या आहेत. हे महिने जन्मतारखेपासून मोजतात. माझ्या मुलासारखे 11 आठवडे आधी आलेले मूल तिसऱ्या महिन्याच्या भेटीत खरे पाहता दोन आठवड्यांचे असते; त्या दिवशी त्याच्यात पाहण्यासारखे फारसे काही नसते आणि ‘कमी दिवसांचे आहे’ हे उत्तर रास्त ठरते. सहाव्या महिन्याच्या भेटीत मात्र त्याचे अपेक्षित तारखेपासूनचे वय 15 आठवडे असते, म्हणजे चुळबुळ पाहण्याच्या अगदी नेमक्या दिवसांत आशाबेन मोबाईल हातात घेऊन त्याच्या दारात उभ्या असतात. भेटही आहे आणि साधनही आहे. त्या दिवशी ही चुळबुळ पाहायची असे मात्र कुठे लिहिलेले नाही. म्हणून त्या भेटीतही ‘कमी दिवसांचे आहे’ हेच जुने उत्तर मिळते, आणि ते उत्तर आता चुकीचे असते.

हे बडोद्यातून लिहिताना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. भारतीय बाळे कोणत्या महिन्यात मान धरतात, बसतात, चालतात याचे मोजमाप प्रमिला फाटक यांनी याच शहरातल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात केले आणि त्यातून ‘बडोदा विकास चाचणी’ तयार झाली. तिच्यात 54 गोष्टी पाहायच्या आहेत, त्यांतल्या 22 शारीरिक हालचालींच्या. देशभर या शहराचे नाव लावून जी चाचणी वापरली जाते तिच्याविषयी या शहरातल्या एका आईला मूल सव्वा वर्षाचे होईपर्यंत काही कळू नये, याचे मला फार वाईट वाटते. ती चाचणी मूल काय करू शकते ते सांगते. सहाव्या महिन्यातली चुळबुळ तिच्याआधीची पायरी आहे, आणि दोन्ही हव्यात.

2020 साली भारतात सुमारे 30 लाख बाळे 37 आठवड्यांपूर्वी जन्मली. सगळ्यांना ही इजा होत नाही, बहुतेकांना होत नाही, आणि प्रत्येक आईला घाबरवून सोडावे असे माझे म्हणणे नाही. 34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा 2,000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांच्या डोळ्यांची तपासणी ठरावीक दिवसांत व्हावी, हा नियम देशातल्या डॉक्टरांनी स्वीकारला आहे आणि त्यामुळेच माझ्या फाईलमध्ये ती लाल शाई होती. त्याच बाळांसाठी, त्याच कागदावर, त्याच शाईने दुसरी एक तारीख लिहिली जावी: अपेक्षित तारखेनंतर 12 ते 16 आठवडे, हालचालींची तपासणी. आई आणि बाळाच्या नोंदींच्या ममता कार्डावर जन्मतारखेखाली अपेक्षित तारखेचाही रकाना असावा. चित्रण पाहून निर्णय देणारे फिजिओथेरपिस्ट आणि बालरोगतज्ज्ञ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून तयार करावेत, आणि ज्यांच्यात खोट दिसेल त्यांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा केंद्रात त्याच महिन्यात जागा मिळावी. निदान पक्के होईपर्यंत उपचार थांबवू नयेत, हे तिथल्या लेखी सूचनांत असावे.

मुलगा आता साडेतीन वर्षांचा आहे. डाव्या हाताने पेला दाबून धरतो आणि उजव्याने त्यात पाणी ओततो, थोडे सांडते. फाईलमधला लाल शाईचा तो कागद मी या पत्राला जोडला आहे. त्याच्या तळाशी चार बोटे जागा कोरी आहे.

आपली नम्र,
एक आई
दांडिया बाजार, बडोदे