विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ गावोगावच्या वाचनालयांत पोहोचवा

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

स. न. वि. वि.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद कुसुमाग्रजांच्या या नाशिकलाही झाला. त्याच भाषेतील एका मोठ्या लेखिकेची पुस्तके आज वाचकाच्या हाती लागणे कठीण झाले आहे, म्हणून हे पत्र.

अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर, यांनी १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले. शिकल्यासवरलेल्या, पण लग्न न झालेल्या मुलींच्या मनातली घुसमट त्यांनी इतक्या उघडपणे मांडली, की कथांबरोबरच हे लिहिणारी बाई कोण, यावरूनही गदारोळ उठला. तरी पुढच्याच वर्षी त्यांनी ‘हिंदोळ्यावर’ लिहिली. माघार घेतली नाही, याचे मला फार मोल वाटते.

माझा अधिक आग्रह मात्र ‘बळी’साठी आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथे तारेच्या कुंपणात ठेवले जाई, त्या सोलापूरच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम करताना मालतीबाईंनी जे पाहिले, त्यातून १९५० साली ही कादंबरी आली. जिल्ह्यातल्या एका वाचनालयात मी ती मागितली, तेव्हा निघालेल्या एकुलत्या प्रतीची पाठ चिकटपट्टीने सांधलेली होती आणि पानांच्या कडा बोट लागताच झडत होत्या. प्रत घरी देता येणार नाही, असे ग्रंथपाल म्हणाले, आणि ते योग्यच होते. माझ्याबरोबर आलेली विमुक्त समाजातील, म्हणजे त्या शिक्क्यातून पुढे मुक्त झालेल्या जमातींतील, कॉलेजची मुलगी तिथेच बाकावर बसून वाचत राहिली. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली, तेव्हा तिची कादंबरी अर्धीच झाली होती.

मालतीबाईंचे निधन २००१ साली झाले. कायद्याप्रमाणे त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क २०६१ अखेरपर्यंत राहणार असल्याने कोणी आपणहून ही पुस्तके संगणकावर खुली करू शकत नाही. म्हणून आपल्या विभागाने साहित्य आणि संस्कृती मंडळामार्फत हक्कधारकांशी बोलावे, मानधनात हात आखडता न घेता रीतसर परवानगी मिळवावी आणि ‘बळी’ची स्वस्त आवृत्ती व ई-प्रत काढावी. येत्या ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी, तिच्या पहिल्या प्रती पेठ आणि सुरगाण्याच्या वाचनालयांत पोहोचाव्यात, ही विनंती.

आपली,
नाशिकमधील एक वाचक