शुक्रवारचं तांबडं फडकं

महोदय,

वेगवेगळ्या खात्यांची माणसं एकत्र आणून कारखान्यातले प्रश्न सोडवण्याविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. टीममध्ये कोण असावं, याची चौकटही होती : प्रॉडक्शन, क्वालिटी, परचेस, फायनान्स. म्हणूनच हे पत्र.

जपानात १९६२ पासून रुजलेली क्वालिटी सर्कल (कामातल्या अडचणी सोडवायला नियमित बसणारे कामगारांचे छोटे गट) १९८० मध्ये हैदराबादच्या 'भेल' या सरकारी कंपनीमार्फत आपल्याकडे आली, तरी सर्कल असे एकाच खात्याचं. आणि आमचा प्रश्न नेमका दोन खात्यांच्या मधे पडलेला.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो. पावसाळ्यात शाफ्ट गंजून ग्राहकाकडून परत येत. आम्ही मशिन शॉपला बोल लावायचो, ते परचेसला, परचेसवाले तेलवाल्याला. शेवटी प्लँट हेडनी सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं. फळ्यावर इशिकावा या जपानी तज्ज्ञांचा 'माशाचा काटा', म्हणजे दोषाची सगळी संभाव्य कारणं मांडणारी आकृती, काढली. दोन बैठका तेलाच्या ग्रेडवर गेल्या. तिसऱ्या बैठकीत कोणीतरी पॅकिंगच्या मावशींना बोलावलं. तेही नमुन्याचे शाफ्ट आणायला.

शाफ्ट ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "साहेब, रोज कुठं गंजतंय? शुक्रवारीच फडकं तांबडं होतंय." आणि कमरेचं फडकं काढून दाखवलं.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. शाफ्ट धुणं प्रॉडक्शनचं काम, गंजरोधक तेलात बुडवणं पॅकिंगचं. आणि पॅकिंगला नाइट शिफ्ट नाही. एरवी रात्रीच्या मालाला सकाळी तेल लागे. बुधवारी रात्री धुतलेला माल मात्र शुक्रवार सकाळपर्यंत ओलाच बिनमध्ये पडून. खोबणीतला गंज तेलाखाली दडे, तो आमच्या तपासणीतून पास होई (हे लिहायला आजही लाज वाटते) आणि ग्राहकाकडे पोचेपर्यंत फुलून येई.

तेलाची टाकी उचलून वॉशिंग मशिनशेजारी ठेवली. धुणाऱ्यानंच बुडवायचं. खर्च म्हणाल तर फोर्कलिफ्टची एक फेरी.

त्या वर्षी टीमला ढाल मिळाली. नोटीस बोर्डावरच्या फोटोत आम्ही सहा जण होतो. मावशी कंत्राटी, त्यांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत, त्यामुळे टीमच्या यादीत त्यांचं नाव बसत नव्हतं. फोटो काढला तेव्हा त्या समोरच उभ्या होत्या, आमच्या चहाचे कप हातात धरून.

– एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर, भोसरी